‘बंद’ या शब्दाचा अर्थ : वीज-चाचणीतील सुरक्षा, संरक्षक साधने आणि भाषा

विजेच्या खांबावर, रोहित्राच्या चौथऱ्यावर किंवा उपकेंद्राच्या कुंपणावर लावलेली कवटी आणि दोन हाडांची पाटी सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र तिच्याकडे मजकूर म्हणून क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः या पाटीची भाषा कायद्याने ठरवून दिलेली आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ३५ व्या नियमाने मध्यम, उच्च आणि अतिउच्च दाबाच्या प्रत्येक यंत्रणेवर हिंदीत किंवा इंग्रजीत आणि त्याशिवाय जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत धोक्याची सूचना लावणे मालकावर बंधनकारक केले. तिच्यासोबत कवटी आणि हाडांचे चिन्ह असावे, असेही सांगितले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी ही तरतूद पुढे चालवली. २०२३ मध्ये त्या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. वाचता येणाऱ्यासाठी शब्द आणि न येणाऱ्यासाठी चित्र, अशी ही दुहेरी योजना आहे. भाषिक विविधतेचा इतका व्यावहारिक विचार करणारे नियम आपल्याकडे फार नाहीत.

तरीही एक प्रश्न उरतो. पाटी परक्या माणसाला दूर ठेवण्यासाठी असते. ज्याला त्या पाटीच्या पलीकडे जाऊन काम करायचे आहे, त्या तंत्रज्ञाचे रक्षण कोणता मजकूर करतो? प्रस्तुत लेखात क्षेत्रीय वीज-चाचणी करणाऱ्या तंत्रज्ञाची सुरक्षा आणि त्याची संरक्षक साधने यांचा परिचय करून देताना या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी रायपूर आणि त्याच्या पश्चिमेकडील मराठी-हिंदी सीमेचा प्रदेश विशेष उपयोगी ठरतो.

१. दोन भाषांमधील तार

रायपूर आणि मराठी यांचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात रायपूरची राजधानी नागपूरच होती आणि त्या प्रांताचा कारभार अखेरच्या काळात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांत चालावा, अशी व्यवस्था झाली होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत रायपूर मध्यप्रदेशात राहिले, नागपूर मराठी भाषिकांबरोबर गेले आणि २००० साली रायपूर छत्तीसगड या नव्या राज्याची राजधानी झाले.

राज्ये वेगळी झाली, पण तारा जोडल्या गेल्या. रायपूरहून भद्रावतीकडे ४०० किलोव्होल्टच्या आणि वर्ध्याकडे ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्या जातात. मुंबई–हावडा लोहमार्गावर २५ किलोव्होल्टची तार गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशी अखंड चालत रायपूरला पोहोचते. या तारांवर काम करणारी माणसेही सीमेच्या दोन्ही बाजूंनी येतात आणि कंत्राटदाराबरोबर आज इकडे तर उद्या तिकडे जातात. ‘जिल्ह्याची स्थानिक भाषा’ पाटीवर निश्चित करता येते. तारेखाली उभ्या असलेल्या माणसाची भाषा तशी निश्चित करता येत नाही.

याचे साधे उदाहरण पाटीवरच मिळते. गोंदियाच्या पाटीवर ‘धोका’ लिहिलेले असते, रायपूरच्या पाटीवर ‘खतरा’. मराठी माणसाला ‘खतरा’ कळतो. परंतु केवळ हिंदी जाणणाऱ्याला ‘धोका’ हा शब्द ‘धोखा’ म्हणजे फसवणूक या शब्दाचे चुकलेले लेखन वाटण्याचा संभव आहे. मराठीतही ‘धोका देणे’ या प्रयोगात फसवणुकीचा अर्थ आहेच. पाटीवर मात्र तो अभिप्रेत नसतो. ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड दाखवतो, हे उदाहरण तौलनिक भाषाभ्यासात नेहमी दिले जाते. ‘सुरक्षा शिक्षा’ हे हिंदी शीर्षक मराठी कामगाराने कसे वाचावे, हा विनोदाचा विषय होऊ शकतो. पाटीच्या बाबतीत कवटीचे चित्र हा गोंधळ निभावून नेते. जिथे चित्र नसते आणि केवळ बोललेल्या शब्दावर भिस्त असते, तिथे असा गोंधळ निभत नाही.

२. न दिसणारे संकट

वीज दिसत नाही. तिला वास नाही, आणि प्रवाह चालू असलेली तार व बंद असलेली तार डोळ्यांना सारखीच दिसते. शरीरातून किती प्रवाह जातो, कोणत्या मार्गाने जातो आणि किती वेळ जातो, यांवर परिणाम अवलंबून असतो. घरगुती पुरवठ्याच्या ५० हर्ट्झ वारंवारतेला सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह जेमतेम जाणवतो. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ‘विजेने ओढून धरले’ असे लोक म्हणतात ते या अवस्थेला. त्याहून अधिक प्रवाहात श्वास कोंडतो आणि ५० ते १०० मिलिअँपिअरच्या पुढे, प्रवाह काही काळ टिकल्यास, हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो. ओल्या त्वचेच्या शरीराचा रोध १,००० ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. म्हणजे घरातील साधा दाबही प्राणघातक ठरण्यास पुरेसा आहे. भारतात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची अधिकृत नोंद अलीकडच्या वर्षांत दरसाल दहा हजारांहून अधिक आहे.

दुसरे संकट ठिणगीच्या ज्वाळेचे, म्हणजे आर्कचे. दोन वाहकांमध्ये हवेतून प्रवाह वाहू लागला की क्षणार्धात तीव्र उष्णता निर्माण होते, तांबे वितळून उडते आणि तारेला स्पर्श न करताही माणूस भाजतो. दर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी एवढी उष्णता त्वचेवर दुसऱ्या प्रतीचा भाजण्याचा व्रण उठवण्यास पुरते. या संकटाचे गणित राल्फ ली यांनी १९८२ मध्ये मांडले. त्याआधी विजेची भीती म्हणजे धक्क्याची भीती, असेच सामान्यतः मानले जाई.

३. चाचणी करणाऱ्याची विशेष अडचण

लाईनमन दुरुस्तीसाठी वीजपुरवठा थांबवतो. चाचणी करणाऱ्या तंत्रज्ञाची स्थिती याहून चमत्कारिक आहे. त्याला प्रथम यंत्रणा निर्जीव करावी लागते आणि मग स्वतःच तिच्यात दाब घालावा लागतो. रोहित्राच्या किंवा केबलच्या आवरणाचा रोध मोजणारे उपकरण, ज्याला व्यापारी नावावरून सर्वत्र ‘मेगर’ म्हणतात, ते ५०० पासून ५,००० व्होल्टपर्यंतचा दाब देते. चाचणी संपली तरी लांब केबलमध्ये विद्युतभार साचून राहतो. मेगर काढून घेतला, केबल ‘बंद’ आहे, असे समजून तिला हात लावणारा माणूस त्या साचलेल्या भाराचा बळी होऊ शकतो. म्हणून चाचणीनंतर डिस्चार्ज रॉडने भार जमिनीत उतरवणे आणि केबल काही काळ जमिनीशी जोडलेली ठेवणे हा चाचणीचाच भाग मानला पाहिजे. ते चाचणीनंतरचे आवरासावरीचे काम नव्हे.

याशिवाय वीज अनपेक्षित वाटांनी परत येते. शेजारून जाणाऱ्या चालू वाहिनीमुळे बंद वाहिनीत दाब निर्माण होतो. एखाद्या रुग्णालयातील जनित्र किंवा घराच्या छतावरील सौरसंच चुकीच्या जोडणीमुळे उलट दिशेने वीज पाठवतो. रोहित्र लहान दाबाच्या बाजूने पोसले गेले तर मोठ्या दाबाच्या बाजूला ११,००० व्होल्ट उभे राहतात. म्हणून जगभर पाच पायऱ्यांचा क्रम रूढ झाला आहे : यंत्रणा सर्व बाजूंनी तोडणे, ती पुन्हा जोडली जाऊ नये म्हणून कुलूप लावणे, दाब नाही हे उपकरणाने तपासणे, तारा एकमेकींशी आणि जमिनीशी जोडणे, आणि शेजारचे चालू भाग आडोशाने झाकणे. तिसऱ्या पायरीत आणखी एक बारकावा आहे. दाब दाखवणारा टेस्टर आधी चालू असलेल्या जागी तपासायचा, मग कामाच्या जागी लावायचा आणि नंतर पुन्हा चालू जागी तपासायचा. टेस्टरचे मौन म्हणजे वीज नाही असेही असेल, किंवा टेस्टरच बिघडला आहे असेही असेल. साक्ष घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर साक्षीदाराची परीक्षा करण्याचा हा प्रकार आहे.

४. संरक्षक साधने

१९५६ च्या नियमांतील ३६ व्या नियमाने तारांवर काम करणाऱ्याला हातमोजे, रबरी बूट, कमरपट्टा, शिडी, अर्थिंगची साधने, हेल्मेट आणि टेस्टर पुरवावेत असे सांगितले. यांपैकी रबरी हातमोजे सर्वांत परिचित आणि सर्वांत अधिक गैरसमज असलेले साधन आहे. सर्व रबरी मोजे सारखे नसतात. आंतरराष्ट्रीय मानकात त्यांचे सहा वर्ग आहेत. ‘०’ वर्गाचा मोजा १,००० व्होल्टपर्यंत, ‘२’ वर्गाचा १७,००० पर्यंत आणि ‘४’ वर्गाचा ३६,००० व्होल्टपर्यंत वापरायचा असतो. म्हणजे ११ किलोव्होल्टच्या वाहिनीला ‘२’ वर्गाचा आणि ३३ किलोव्होल्टच्या वाहिनीला ‘४’ वर्गाचा मोजा लागतो. वर्ग ओळखू यावा म्हणून पट्टीला रंग दिलेला असतो : ‘०’ ला तांबडा, ‘२’ ला पिवळा, ‘४’ ला नारिंगी.

मोजा घालण्यापूर्वी त्याचे तोंड गुंडाळून आत हवा कोंडायची आणि ती कुठून सुटते का हे कानाने व गालाने तपासायचे, ही पद्धत खेड्यातल्या उपकेंद्रातही पाळता येते, कारण तिला कोणतेही उपकरण लागत नाही. रबरावर चामड्याचा मोजा चढवायचा असतो, तो विजेपासून नव्हे तर तारेच्या टोकापासून रबराला वाचवण्यासाठी. तेल, ऊन आणि घडी हे रबराचे शत्रू आहेत. रायपूरच्या उन्हाळ्यात गाडीच्या टपावरील पेटीत टाकलेला मोजा पावसाळ्यापर्यंत विश्वासार्ह राहील असे मानू नये. वापरातील मोज्यांची दर सहा महिन्यांनी विद्युत-चाचणी व्हावी असा दंडक आहे. चाचणी करणाऱ्याच्या साधनांचीही चाचणी व्हावी लागते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पॅनेलसमोर पसरायच्या विद्युतरोधक चटईसाठी २००६ चे भारतीय मानक आहे. त्यानुसार ११ किलोव्होल्टसाठी २.५ मिलिमीटर आणि ३३ किलोव्होल्टसाठी ३ मिलिमीटर जाडी लागते. नुसती काळी रबरी चटई या व्याख्येत बसत नाही. कपड्यांच्या बाबतीत कृत्रिम धाग्याचा सदरा सर्वांत घातक, कारण ज्वाळेत तो वितळून कातडीला चिकटतो. सुती कापड त्याहून बरे, आणि मोठ्या आर्कचा संभव असेल तिथे खास ज्वालारोधक पोशाख व चेहरा झाकणारी ढाल आवश्यक असते. अंगठी, घड्याळ, गळ्यातील साखळी काढून ठेवणे हा बिनखर्चाचा नियम आहे. मल्टिमीटरच्या तारा आणि त्याच्या आतील फ्यूज योग्य प्रतीचे नसतील तर मोजमापाचे उपकरणच हातात फुटते.

एवढे सांगितल्यावर हेही सांगितले पाहिजे की, सुरक्षाशास्त्रात या सर्व साधनांचे स्थान शेवटचे आहे. संकट दूर करणे पहिले, त्याला अडवणे दुसरे, कामाची पद्धत बांधून घेणे तिसरे आणि अंगावरची साधने शेवटची. मोजा चूक पोटात घालतो. ती होऊ नये अशी व्यवस्था तो करू शकत नाही. चूक होते ती बहुधा मोज्याच्या आधी, दोन माणसांमधल्या बोलण्यात.

५. ‘बंद’, ‘गेली’ आणि ‘क्लिअर’

इंग्रजीत परिपथ ‘क्लोज्ड’ असणे म्हणजे त्यातून प्रवाह वाहणे आणि ‘ओपन’ असणे म्हणजे प्रवाह तुटणे. पाठ्यपुस्तकांनी या शब्दांचे सरळ भाषांतर केले आणि ‘बंद परिपथ’ ही संज्ञा मराठीत व हिंदीत आली. परंतु या दोन्ही भाषांच्या व्यवहारात ‘बंद’ म्हणजे काम थांबलेले. दुकान बंद, पंखा बंद, वीज बंद. त्यामुळे पुस्तकातील ‘बंद’ आणि खांबाखालील ‘बंद’ एकमेकांच्या नेमके उलट अर्थाचे आहेत. आयटीआयमध्ये पहिला अर्थ शिकलेला तरुण आणि अनुभवाने दुसरा अर्थ वापरणारा जुना लाईनमन फोनवर बोलत असतील आणि एकाने ‘ब्रेकर बंद आहे’ म्हटले, तर त्या वाक्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या शिक्षणावर अवलंबून राहतो. पॅनेलवरील दिव्यांचीही हीच गत आहे. आपल्याकडील रूढीनुसार ब्रेकर जोडलेला असता तांबडा दिवा लागतो, तुटलेला असता हिरवा. परंतु हिरवा दिवा एवढेच सांगतो की हा एक ब्रेकर उघडा आहे. तार निर्जीव आहे असे तो सांगत नाही.

‘लाईट गेली’ हा मराठी प्रयोगही विचार करण्यासारखा आहे. ‘बत्ती गुल’ हा त्याचा हिंदी भाऊ. दोन्हींत वीज स्वतःच्या मर्जीने जाते, कोणी तिला घालवत नाही. गेलेली वीज परत येऊ शकते. तंत्रज्ञाला हवी असते ती मुद्दाम तोडलेली, कुलूप लावलेली आणि जमिनीला जोडलेली तार. ‘गेली’ आणि ‘तोडली’ या दोन क्रियापदांतील अंतर हेच अपघात आणि सुरक्षितता यांतील अंतर आहे. अमुक वाजता वीज जाणारच आहे, तेवढ्यात काम उरकू, असा वेळेवर विसंबलेला समझोता म्हणूनच निषिद्ध मानला जातो.

तिसरा शब्द ‘लाईन क्लिअर’. रेल्वेत त्याचा अर्थ पुढचा मार्ग मोकळा आहे, गाडी येऊ द्या, असा आहे. देशातील अनेक वीजकार्यालयांत मात्र त्याचा अर्थ वाहिनी कामासाठी ताब्यात दिली, आता तिच्यात वीज येणार नाही, असा आहे. एका ठिकाणी येण्याची परवानगी, दुसऱ्या ठिकाणी येण्यास मनाई. विद्युतीकरण झालेल्या लोहमार्गाशेजारी, जिथे दोन्ही खात्यांची माणसे काम करतात, तिथे हा शब्द एकट्याने वापरणे शहाणपणाचे नाही.

या संदिग्धतेवर वीजखात्यानेच शोधलेला उपाय साहित्याच्या अभ्यासकाला परिचित वाटेल : पाठभेद टाळण्यासाठी पाठांतर. कामाचा परवाना लेखी असतो. त्यावर वाहिनीचे पूर्ण नाव, तोडलेले स्विच, अर्थिंगच्या जागा, वेळ आणि दोघांच्या सह्या असतात. निरोप फोनवरून द्यायचा असेल तर ऐकणाऱ्याने तो लिहून घ्यायचा, शब्दशः परत वाचून दाखवायचा आणि देणाऱ्याने बरोबर म्हटल्यावरच तो पुरा झाला असे मानायचे. ज्याने परवाना घेतला त्यानेच तो परत करायचा. त्याच्या वतीने दुसऱ्याने नाही.

६. परिभाषेचा मार्ग

पारिभाषिक शब्दांचा प्रश्न या प्रदेशाला नवा नाही. रायपूर ही ज्यांची अखेरपर्यंतची कर्मभूमी होती, ते मराठीभाषी हिंदी संपादक माधवराव सप्रे यांनी काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी अर्थशास्त्राच्या परिभाषेचे काम केले आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. दोन भाषांच्या मध्ये उभे राहून शब्दाची जबाबदारी घेणारा माणूस कसा असतो, याचे ते उदाहरण आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास नागपुरात डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवर आधारलेली, सर्व भारतीय भाषांना समान ठरावी अशी परिभाषा घडवली. १९६० नंतर महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने मराठी परिभाषेचे काम हाती घेतले. ‘रोहित्र’, ‘उपकेंद्र’, ‘वीजवाहिनी’, ‘भूसंपर्कन’ असे शब्द आज मराठी वीजव्यवहाराच्या कागदोपत्री स्थिर झाले आहेत.

या सर्व प्रयत्नांचा भर नामांवर होता. वस्तूला नाव मिळाले, परंतु सुरक्षा नामांत नसते, क्रियापदांत असते : तोडणे, तपासणे, जोडणे, सोपवणे, परत करणे. रोहित्राला कामगार ‘ट्रान्सफॉर्मर’ म्हणतो, भूसंपर्कनाला ‘अर्थिंग’. त्याने कोणी दगावत नाही, कारण नावाखालची वस्तू समोर असते. ‘बंद कर’ या आज्ञेखाली मात्र दोन वेगळ्या कृती असू शकतात. म्हणून ‘बंद’ हा एकटा शब्द सुरक्षेच्या मराठीतून व हिंदीतूनही वगळावा आणि त्याऐवजी ‘तोडला’, ‘जोडला’, ‘अर्थ केली’ अशी एकाच अर्थाची क्रियापदे ठरवून घ्यावीत, ही सूचना अव्यवहार्य वाटू नये. ही क्रियापदे मराठी आणि हिंदी, दोन्हींत जवळजवळ समान आहेत. सीमेवर ती सारखीच ऐकू येतील.

१९५६ च्या नियमांतील ४४ वा नियम या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. धक्का बसलेल्या माणसाला शुद्धीवर आणण्याच्या सूचना इंग्रजीत किंवा हिंदीत आणि जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत ठळक जागी लावाव्यात, आणि जिथे हिंदी हीच स्थानिक भाषा आहे तिथे इंग्रजीत व हिंदीत लावाव्यात, असे त्यात म्हटले होते. या हिशेबाने रायपूरच्या भिंतीवर इंग्रजी आणि हिंदी येते. २००७ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळालेली छत्तीसगढी येत नाही, आणि गोंदियाहून आलेल्या मजुराची मराठी तर नाहीच. नियम करणाऱ्यांनी भाषेचा विचार केला, पण जिल्हा स्थिर आहे असे गृहीत धरून. श्रम आज स्थिर नाही.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी लोकगीते, म्हणी, व्यवसायांच्या बोली कष्टाने गोळा केल्या आहेत. कुंभार, कोष्टी, सुतार यांच्या शब्दसंग्रहांना आपल्या कोशांत जागा मिळाली. वीजकामगाराची बोली त्याच पंक्तीला बसते, आणि तिचा संग्रह हे केवळ जतनाचे काम नाही. राजनांदगाव आणि गोंदिया यांच्या दरम्यान एकाच तारेवर काम करणारी माणसे ‘बंद’, ‘चालू’, ‘क्लिअर’, ‘सप्लाय’ हे शब्द नेमक्या कोणत्या अर्थाने वापरतात, याची नोंद झाली तर परवान्याचा नमुना ती माणसे समजतील अशा भाषेत लिहिता येईल. एरवी शब्दाच्या दोन अर्थांत वाचकाला रस असतो. तारेजवळच्या शब्दाला एकच अर्थ असावा लागतो, आणि तो कोणता हे काम सुरू होण्यापूर्वी दोघांनाही ठाऊक असावे लागते.